अडलेल्या सहा जागा घेऊनच परिषदेला जा

प्रश्न थोडक्यात असा. घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करत आहेत. दहावीची मुलं नैसर्गिक निवड कशी समजून घेतात, हे त्या कापसावरच्या गुलाबी बोंडअळीच्या उदाहरणावरून पाहत आहेत. सहा शाळा ठरल्या होत्या. त्यातल्या तीन झाल्या असून २७ मुलाखती हातात आहेत. त्यांनी आणि एका सहकारी शिक्षकांनी या मुलाखती वेगवेगळ्या बसून वाचल्या आणि प्रत्येक उत्तर कोणत्या प्रकारात घालायचं ते ठरवलं. २१ ठिकाणी दोघांचं जुळलं, ६ ठिकाणी जुळलं नाही. गाईड म्हणतात, निष्कर्ष आल्याशिवाय परिषदेत उभं राहू नका. मैत्रीण म्हणते, जा, प्रमाणपत्र तर मिळेल. आणि त्यांना स्वतःला भीती वाटते ती कोणीतरी उठून "सॅम्पल एवढंच?" असं विचारेल याची, तेही इंग्रजीत.

बाई, तुम्ही जा. निष्कर्ष सांगायला नको आणि प्रमाणपत्रासाठी तर नकोच. ज्या ६ ठिकाणी तुमचं आणि तुमच्या सहकाऱ्यांचं जुळलं नाही, त्या ६ जागा घेऊन जा. आणि चौथ्या शाळेत पाय ठेवण्याआधी जा. काम अर्धं असताना मांडायचं ते एवढ्यासाठीच, की तेव्हा ते बदलता येतं. सहाही शाळा संपल्यावर कोणी लाखमोलाची गोष्ट सांगितली, तरी प्रबंधाच्या शेवटी "पुढील संशोधनासाठी शिफारशी" मध्ये एक ओळ वाढते, बाकी काही होत नाही.

हे मी स्वतः चुकून शिकले आहे. १९९०च्या दशकात माझ्या पीएच.डी.चं काम चालू होतं, विषय वनस्पतींचं पोषण. चाचणीत एक प्रश्न होता, "झाडाला अन्न कुठून मिळतं?" १२० मुलांची चाचणी घ्यायची ठरली होती, ४० मुलांची झाली होती. परिषदेची तारीख आली आणि मी ती ४० मुलं घेऊन पूर्ण झालेल्या कामासारखा पेपर वाचला. शेवटी "बहुसंख्य विद्यार्थ्यांत गैरसमज आढळला" असा निष्कर्षही दिला. टाळ्या पडल्या, प्रश्न कोणीच विचारला नाही. चहाच्या वेळी एक वयस्कर प्राध्यापिका जवळ आल्या. खेड्यातच नोकरी झालेली बाई. म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे खताला झाडाचं जेवणच म्हणतात. पोरानं 'खतातून' असं लिहिलं, तर ते चुकलं की तुझा शब्द चुकला?" मला तिथल्या तिथे पटलं. प्रश्नाखाली "म्हणजे काय ते तुझ्या शब्दांत सांग" अशी एक ओळ घातली असती तरी ८० मुलांची उत्तरं वेगळी आली असती. पण काम झालं असं मी व्यासपीठावरून सांगून बसले होते. "अजून ८० मुलं बाकी आहेत, काय करू?" हे त्यांना विचारायला माझी जीभ उचलली नाही. घरी आले आणि उरलेल्या ८० मुलांनाही तोच प्रश्न दिला. पदवी मिळाली. त्या प्रकरणातलं ते वाक्य मात्र मी आजही खरं मानत नाही, आणि विद्यार्थ्यांना ते प्रकरण दाखवते ते शब्द कसा तपासायचा राहून गेला हे सांगण्यासाठी.

तुमच्या हातात त्याहून कितीतरी मोठी गोष्ट आहे. तुम्ही पाठवलेल्या मुलाखतीतलं एका मुलाचं हे वाक्य बघा: "पह्यले एका फवारणीत मरे. आता अळीले औषधाची सवय झाली, म्हणून थे मरत नाही." तुम्ही हे "चुकीची समज: एकाच जीवात बदल होतो" या प्रकारात घातलं. सहकाऱ्यांनी "अंशतः बरोबर" मध्ये घातलं. ६ पैकी ४ ठिकाणी भांडण याच एका शब्दावर आहे, सवय.

हा शब्द आपल्याकडे शेतात, कृषी केंद्राच्या दुकानात, एसटीत सगळीकडे ऐकू येतो. माणसाला उन्हाची सवय होते, चहाची होते, दारूची होते. तिथे एकच माणूस असतो आणि तोच बदलतो. अळीचं तसं नाही. अळ्यांच्या मोठ्या संख्येत काही थोड्या आधीपासूनच विष पचवणाऱ्या असतात. बाकीच्या मरतात, या वाचतात, यांचीच पिल्लावळ वाढते आणि काही पिढ्यांनी शेतात याच जास्त दिसतात. एकही अळी स्वतः बदललेली नसते, बदलतं ते शेतातल्या अळ्यांमधलं प्रमाण. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये, २०१८ पासूनच्या पुस्तकात, "आनुवंशिकता व उत्क्रांती" हा पहिलाच पाठ आहे. त्यात डार्विनही आहे आणि लॅमार्कही, म्हणजे जीव जगताना बदलतो आणि तो बदल पिल्लांत उतरतो असं म्हणणारा. म्हणजे मुलगा "सवय" म्हणाला की शिक्षकाला लगेच लॅमार्क आठवतो आणि तो लाल पेन उचलतो.

पण आपली बोली ऐका. "यंदा अळीनं खाल्लं" असं आपण म्हणतो तेव्हा एक अळी डोळ्यांपुढे नसते, अळीची सारी जात असते. "उंदीर माजला", "माशी वाढली", सगळं एकवचनात. मग "अळीले सवय झाली" म्हणणाऱ्या पोराच्या मनात एक अळी आहे की साऱ्या अळ्या? निव्वळ वाक्यावरून हे कळत नाही. तुम्ही एक अळी ऐकली, तुमच्या सहकाऱ्यांनी जात ऐकली, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहात. म्हणून ही ६ उत्तरं मतभेद मिटवून एका खान्यात ढकलायची घाई करू नका. संशोधनातलं खरं कुतूहल तिथेच आहे.

याच्या जोडीला आणखी एक शब्द आहे, औषध. पोरगं "औषध" म्हणतं तेव्हा त्याला फवारा म्हणायचा आहे की बियाण्यातलं बीटी, म्हणजे झाडातच अळीला मारणारं विष तयार करणारं जनुक? गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, फवारा तिथवर पोचतच नाही, हे घरी कापूस असलेल्या मुलाला ठाऊक असतं. मग फवारणीत न मरण्याचं त्याचं कारण "सवय" आहे की "अळी आत असते"? तुमच्या दोन मुलाखतींत ही दोन कारणं एकमेकांत मिसळलेली दिसतात, आणि तिथे वर्गीकरण करणाऱ्याचा दोष नाही. प्रश्नानेच वाट मोकळी ठेवली होती.

माझ्या मते पुढच्या तीन शाळांत एक उपप्रश्न लागतो: "मागच्या साली जिच्यावर औषध मारलं, तीच अळी यंदा आहे का?" ज्याच्या मनात एकच अळी आहे तो इथे अडखळेल. ज्याच्या मनात जात आहे तो "थ्या तं मेल्या, ह्या त्याहिच्या पोरी" अशासारखं काही बोलेल. पण हे माझं एकटीचं मत झालं. मी जीवशास्त्र शिकवलं, भाषाशास्त्र नाही. परिषदेत कोणी भाषेवर काम करणारं भेटेल, कोणी उत्क्रांतीच्या शिकवण्यावर दहा वर्षं घालवलेलं भेटेल, ते याहून चांगला उपप्रश्न सुचवतील. तुम्ही तिथे जायचं ते यासाठी.

आता १२ मिनिटांत काय सांगायचं. बहुतेक विद्यार्थी पहिली ७ मिनिटं पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात घालवतात. अध्यक्ष घंटी वाजवतात तेव्हा कुठे त्यांची स्वतःची मुलं पडद्यावर येतात. तुम्ही उलटं करा. पहिल्या स्लाइडवर ते वाक्य लावा, मुलाच्या बोलीत, आहे तसं. वाचून दाखवा आणि क्षणभर थांबा.

मग दोन मिनिटं पार्श्वभूमी. ही मात्र नीट द्या, कारण सभागृहातल्या पुष्कळांनी बोंड फोडून आतली अळी कधी पाहिलेली नसते. बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचं बियाणं आलं, पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही दाद देईना, आणि २०१७च्या हंगामात विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं, ते बांधाकडेने लावायचं असायचं, आणि पुष्कळ घरांत ते फेकलं जायचं. हे पाकीट नैसर्गिक निवडीचा पाठच आहे. बिगर-बीटी झाडांवर वाढलेले पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळले, की प्रतिकार लवकर साठत नाही. फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणी संपल्यावरही आणखी कापसासाठी कपाशी उभी ठेवू नका, असं कृषी विभाग का सांगतो, तेही इथेच येतं. कपाशी शेतात जितकी लांबते तितक्या अळीच्या पिढ्या वाढतात. तुमच्या मुलांनी ते पाकीट हाताळलं आहे, डोमकळ्या (अळी आत असलेली, न उमलणारी फुलं) तोडल्या आहेत, मादीच्या वासाने पतंग पकडणारे कामगंध सापळे पाहिले आहेत. शहरातल्या संशोधकाला हे पुस्तकातूनही मिळत नाही. हे सांगताना संकोचू नका, पण दोन मिनिटांच्या वर जाऊ नका.

त्यानंतर तुम्ही काय केलं ते एका स्लाइडवर. मग तीन उत्तरं: एक दोघांचं जुळलेलं आणि दोन न जुळलेली. प्रत्येकाखाली तुमचं म्हणणं आणि सहकाऱ्यांचं म्हणणं शेजारी शेजारी. शेवटची स्लाइड "निष्कर्ष" नको, "आभार" तर नकोच. शेवटी तुमचा प्रश्न लिहा: मूल जातीविषयी बोलतंय की एका जिवाविषयी, हे मुलाखतीत कसं ओळखावं? चर्चा संपेपर्यंत तीच स्लाइड पडद्यावर राहू द्या.

सिद्धान्ताबद्दल एकच बोलते. संकल्पना-बदलावरचा पोस्नर आणि सहकाऱ्यांचा १९८२चा लेख आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक पेपरात पहिल्या स्लाइडवर असतो, सवयीने. तुम्ही तो घालण्याआधी स्वतःला विचारा. त्या मांडणीत मुलाच्या मनात एक कल्पना असते, तिच्याविषयी असमाधान निर्माण व्हायला हवं आणि मग नवी कल्पना तिची जागा घेते. पण तुमचा मुलगा "सवय" हा शब्द नुसता बोलीतला म्हणून वापरत असेल, तर जागा सोडायला आत काही बसलेलंच नाही. मग तो सिद्धान्त तुमच्या कामाला लागतो की तुमचं काम त्या सिद्धान्तालाच एक प्रश्न विचारतं? हा विचार पक्का व्हायला वेळ लागेल. तोवर सिद्धान्ताची स्लाइड नसली तरी चालेल. कोणी विचारलं तर हेच सांगा.

आकड्यांचं थोडक्यात. २७ मुलाखतींतून टक्केवारी काढू नका. १७ मुलांनी "सवय" शब्द वापरला असेल तर "२७ पैकी १७" म्हणा. ६२.९६ टक्के म्हटलं की ऐकणाऱ्याला हजार मुलांचं सर्वेक्षण वाटतं, आणि प्रत्यक्षात एक मूल इकडचं तिकडे गेलं तरी ३.७ टक्के हलतात. दोघांच्या वर्गीकरणाच्या जुळणीसाठी कोणी कोहेन यांचा कप्पा विचारेल, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वगळून खरी जुळणी किती ते सांगणारा आकडा. तो काढून वहीत ठेवा, पण आकडा चांगला आला म्हणून त्या ६ जागा त्याच्या आड जाऊ देऊ नका.

कुठे जायचं, यावर मी जरा कडक बोलणार आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६च्या पीएच.डी. नियमावलीत प्रबंध देण्याआधी परिषदांमध्ये दोन पेपर वाचणं सक्तीचं होतं. २०२२च्या नियमावलीतून ती सक्ती निघाली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची काही अट असेल तर ती तेवढी पाहून घ्या. पण त्या सक्तीच्या काळात जी सवय लागली ती अजून गेलेली नाही. एका सत्रात चाळीस पेपर, प्रत्येकाला पाच मिनिटं, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, बाहेर प्रमाणपत्रांच्या टेबलाशी रांग. अशा ठिकाणी तुमच्या ६ जागांकडे बघायला कोणाला सवड नसते. भरलेलं शुल्क जातं, त्यापेक्षा वाईट म्हणजे "परिषदेला जाऊन काही मिळत नाही" अशी समजूत घेऊन माणूस परत येतो. कार्यक्रमपत्रिका मागवा. एका पेपरमागे चर्चेला पाच मिनिटंही ठेवलेली नसतील तर जाऊ नका, मग ती आंतरराष्ट्रीय म्हणवत असो नाहीतर आणखी काही.

आपल्या देशात या विषयाचं खरं ठिकाण म्हणजे मुंबईत मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. ते १९७४ पासून काम करतंय. विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित शिक्षणातल्या संशोधनाची "एपिस्टीम" ही त्यांची परिषद २००४ साली गोव्यात सुरू झाली. तिथे निबंध आधी तज्ज्ञ वाचतात आणि मग निवडतात. निवड झाली नाही तरी त्यांचे अभिप्राय हाती पडले तर तेही जपून ठेवावे असे असतात. युरोपातली "एसेरा" ही संघटना १९९५ची. ती पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी उन्हाळी शाळा भरवते. तिथे अर्धं कामच घेऊन यायचं असतं, आणि लहान गटात बसून अनुभवी संशोधकांसमोर ते उलगडायचं असतं. एवढ्या लांब तुम्हाला आज जाता येईल असं मी म्हणत नाही. अर्धं काम मांडणं ही जगभर मान्य रीत आहे, हे तुमच्या गाईडना सांगायला हे उदाहरण उपयोगी पडेल.

मौखिक सादरीकरण आणि पोस्टर यांतलं निवडायचं झालं, तर चालू कामासाठी मी पोस्टर निवडीन. आपल्याकडे पोस्टरला उगाच कमी लेखतात. माझी एक विद्यार्थिनी मेळघाटात चौथीच्या कोरकू मुलांबरोबर सावलीच्या कल्पनांवर काम करत होती. पोस्टरवर मुलांनी काढलेली चित्रं होती आणि खाली मराठीतली उत्तरं. एक गृहस्थ वीस मिनिटं एका चित्रापुढे उभे राहिले आणि मग विचारलं, "मूल कोरकूत बोललं असेल ना? मग ते काय बोललं आणि दुभाष्यानं काय सांगितलं, हे दोन्ही वेगवेगळं लिहिलंय का?" तिने लिहिलेलं नव्हतं. व्यासपीठावरच्या बारा मिनिटांत हा प्रश्न आला नसता, आणि आला असता तरी "धन्यवाद सर" म्हणून ती खाली उतरली असती. पोस्टरपाशी मात्र दोघांनी उभ्या उभ्या कागदावर रकाने आखले. पुढच्या सगळ्या मुलाखती तिने दोन रकान्यांत लिहिल्या, आणि पहिल्या मुलांकडे ती परत गेली. प्रबंधातलं सगळ्यात भक्कम प्रकरण तेच झालं.

गाईडचं म्हणणं चूक नाही, त्यांची काळजी वेगळी आहे. अपुरं काम बाहेर गेलं तर नाव खराब होईल, किंवा कोणी कल्पना उचलेल, असं त्यांना वाटत असणार. त्यांना न सांगता मुळीच जाऊ नका. त्यांच्यासमोर ती ६ उत्तरं ठेवा आणि म्हणा, "सर, यावर बाहेरची दोन माणसं काय म्हणतात ते ऐकून येते, चौथ्या शाळेच्या आधी." निष्कर्ष सांगायला जातेय असं त्यांना वाटू नये. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्येही "निष्कर्ष सादर केले जातील" असं लिहू नका. अ‍ॅबस्ट्रॅक्ट चार-पाच महिने आधी जातो. परिषदेच्या दिवशीही खरं असेल तेवढंच त्यात घाला. "सहापैकी तीन शाळांतल्या मुलाखती" हे शब्द शीर्षकात आले तरी बिघडत नाही. कल्पना चोरीला जाईल, ही भीती मी फारशी मानत नाही. "अळीले सवय झाली" हे ऐकायला ज्याला घाटंजीत येऊन बसावं लागेल, तो कशाला चोरेल?

"सॅम्पल एवढंच?" हा प्रश्न येणारच. ऐकून घाबरू नका आणि समजावत बसू नका. "हो, मुलाखती २७. किती मुलं असं म्हणतात हे मी सांगत नाही. म्हणतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं, ते शोधते आहे." एवढं म्हणून थांबा. पुढे वाद वाढलाच तर "तुमच्या मते आणखी कोणाला विचारायला हवं?" असं विचारा. विचारणाऱ्याकडे खरंच काही असेल तर ते तेव्हा बाहेर येतं.

इंग्रजीची काळजी मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त दिसली, म्हणून सांगते. सुरुवातीची चार वाक्यं आणि शेवटचा प्रश्न इंग्रजीत पाठ करा, मधलं साध्या तुटक वाक्यांत बोललात तरी चालतं. महाराष्ट्रातल्या परिषदेत "उत्तर मराठीत देऊ का?" असं विचारायला लाजू नका. मी अध्यक्ष असते तेव्हा हो म्हणते, आणि पुष्कळ अध्यक्ष म्हणतात. मुलांची वाक्यं मात्र इंग्रजीत करून टाकू नका. "सवय" ला "हॅबिट" म्हटलंत की अळी दात घासायला लागते. "रेझिस्टन्स" म्हटलंत तर मुलाच्या तोंडी जे शास्त्र नव्हतं ते तुम्हीच घातलंत. म्हणून शब्द "सवय" च ठेवा, पडद्यावर आणि तोंडीही, आणि तो आपल्याकडे कुठे कुठे वापरतात ते सांगा. ऐकणाऱ्यांना त्या एका शब्दाचा अर्थ शिकवलात की तुमचं अर्धं सादरीकरण झालं.

जाण्याआधी तालीम दोनदा करा. एकदा तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांसमोर, मराठीत. दुसऱ्यांदा कापूस पेरणाऱ्या एखाद्या माणसासमोर, पडद्याशिवाय, ओट्यावर बसून. ते वाक्य त्याला ऐकवा आणि विचारा, "भाऊ, सवय झाली म्हणजे काय हो?" त्याचं उत्तर वहीत लिहा. ते परिषदेत सांगण्यासारखं निघेल असा माझा अंदाज आहे.

आता एक गोष्ट, जिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण विद्यार्थी ती शेवटच्या स्लाइडच्या कोपऱ्यात "गोपनीयता पाळली आहे" एवढ्यावर सोडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. तुम्ही ज्या मुलांना औषधाविषयी विचारताय, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी किंवा शेजारी ते घडलं असू शकतं. तुमच्या एका मुलाखतीत मूल फवारणीवर येऊन गप्प झालेलं मला दिसलं, आणि तुम्ही पुढचा प्रश्न विचारला. तो उतारा पडद्यावर लावू नका, वर्गीकरणातही घेऊ नका, आणि त्या मुलाला भेटून या, संशोधनासाठी नव्हे. उरलेल्या शाळांत मुलाखतीआधीच सांगा की फवारणीबद्दल बोलायचं नसेल तर आपण बियाण्याबद्दल बोलू.

नावं बदलली म्हणजे ओळख लपली असं खेड्यात होत नाही. "तालुक्यातल्या एका शाळेतली, दहावीत शिकणारी एकुलती एक कोलाम मुलगी" असं लिहिलंत की केंद्रप्रमुखांपासून दुधवाल्यापर्यंत सगळ्यांना ती कळली. यवतमाळ-अमरावतीच्या परिषदेत त्या गावचा माणूस समोरच बसलेला असू शकतो. शाळेचा फोटो नको, गणवेश दिसेल असा फोटो नको, हस्ताक्षराचा फोटोही शक्यतो नको, मास्तर हस्ताक्षर ओळखतात. मुलाखतीचा आवाज सभागृहात वाजवायचा मोह होईल, कारण बोली ऐकवायला तो फार प्रभावी असतो. वाजवू नका. वाक्य तुम्ही स्वतः म्हणून दाखवा. आणि पालकांकडून संमती घेताना तुम्ही "अभ्यासासाठी" म्हणाला होतात. त्यात परगावी लोकांसमोर वाचून दाखवणं येतं का, हे त्यांना पुन्हा एकदा जाऊन विचारा. दोन घरांनी नाही म्हटलं तर ती दोन उत्तरं गाळा. उरलेल्या चारांवरही तुमचा प्रश्न उभा राहतो.

परिषदेत सोबत कोणी असेल तर प्रश्न लिहून घ्यायचं काम तिला द्या. उत्तर देताना आपल्याला प्रश्न ऐकूच येत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. एकटीच असाल तर चर्चा संपल्याबरोबर बाहेर येऊन, चहाच्या आधी, लिहून काढा. विचारणाऱ्याचं नाव, शब्द जसेच्या तसे, आणि तुम्हाला तेव्हा काय वाटलं ते. परत आल्यावर आठ दिवसांत एक पान करा: काय बदलतेय, काय बदलत नाहीये आणि का. ते पान संशोधन सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवा. मुलाखतीचा आराखडा मध्येच बदलला तर समितीला तो आधी कळलेला बरा. पहिल्या तीन शाळांतल्या त्या ६ मुलांना उपप्रश्न विचारायला परत जायचं असेल तर त्याचीही नोंद त्यात करा, आणि दुसऱ्या भेटीतली उत्तरं पहिल्या उत्तरांत मिसळू नका.

वेळेचं गणित मात्र आजच मांडा. दसऱ्यानंतर वेचणी लागली की पटावरची मुलं आणि वर्गातली मुलं यांत फरक पडतो. जानेवारीपासून दहावीला पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिकं, मग बोर्ड, तेव्हा मुख्याध्यापक तुम्हाला वर्ग देणार नाहीत आणि देऊही नयेत. म्हणजे चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या शाळेसाठी तुमच्याकडे पावसाळ्यातले मोजकेच आठवडे आहेत, आणि परिषद त्याच्या आधी बसली पाहिजे. मोठी परिषद त्या वेळात नसेल तर तिच्यासाठी अडून राहू नका. नागपूर किंवा वर्ध्याच्या एखाद्या शिक्षणशास्त्र विभागात दुपारचं दोन तासांचं चर्चासत्र मागा, आठ-दहा जणांसमोर मांडा. ६ उत्तरं आणि एक प्रश्न यांना तेवढं पुरतं. मोठ्या परिषदेत पुढच्या वर्षी बदललेल्या उपप्रश्नासकट जा.

ती ६ उत्तरं, आधीचे दोन आणि नंतरचे दोन प्रश्न यांच्यासह, एका कागदावर उतरवून मला पाठवा. तुमचं म्हणणं कोणतं आणि सहकाऱ्यांचं कोणतं ते त्यावर लिहू नका. मी आधी नुसतं वाचून माझं वर्गीकरण करते, मग तिघांचं जुळतं का ते बघू.